बाहेरून लावलेली कडी

दारूच्या गुत्त्यावर गलका असतो. जुगाराच्या अड्ड्यावर शिव्या असतात. गर्द ओढणारे जिथे बसतात तिथे मात्र काहीच ऐकू येत नाही. दहा जिवंत माणसं भिंतीला टेकून बसलेली असतात, डोळे अर्धे उघडे, तोंडं अर्धी उघडी, आणि तुम्हाला फक्त माश्यांची घूं घूं ऐकू येते. त्या दहांतला एक मी होतो, जवळजवळ चार वर्षं. सुटल्यावर त्या दहांतल्या एकेकाला उठवून आणण्याची नोकरी धरली आणि त्याच नोकरीत निवृत्त झालो.

माझ्या हुद्द्याचं नाव समुपदेशक. हा शब्द आमच्या पोरांपैकी एकालाही धड उच्चारता यायचा नाही. कुर्ल्याला एका संस्थेची दोन बाकं आणि एक नळ असलेली खोली होती, तिथे पोरं मला दत्तूदादा म्हणत आणि पोरांच्या आया भाऊ म्हणत. पगार बेताचा आणि शिव्या भरपूर, तरी त्या खोलीत शिरताना माझी छाती थोडी फुगायची, हे कबूल करतो.

ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आमच्या उपनगरांत आली तेव्हा ती काय चीज आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. नाचणीच्या पिठासारखी दिसते. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी पन्नीवर जाळून तिचा धूर ओढतात. नाक्यावरच्या टोळीची पोरं पहिल्या काही पुड्या फुकट देत आणि मग त्याच गिऱ्हाइकाला पुड्या पोचवायला लावत. म्हणजे नशा आणि टोळी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच, एकाच दाराच्या दोन फळ्या होत्या.

शाळांमधून मी भाषणं द्यायचो. मुलुंडच्या एका शाळेत नववीच्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "काका, ते घेतल्यावर कसं वाटतं?" मी म्हटलं, "पहिल्यांदा फार छान वाटतं. म्हणूनच सांगायला आलोय." माझा मुद्दा मुलांना पोचला होता. मुख्याध्यापिका बाईंनाही पोचला असावा, कारण त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. बोरिवलीचे एक गृहस्थ मुलाला कॉलरला धरून घेऊन आले होते, डोळे लाल आहेत म्हणून. पोरगा गुपचूप पोहायला शिकत होता. बापाला पाण्याची भीती होती, म्हणून सांगितलं नव्हतं. असे दिवस बरे जायचे.

एरवी मी घरी जाऊन भिंती बघायचो. घड्याळ होतं तिथे भिंतीवर फिकट गोल उरलेला असतो. फळीवर तांब्यापितळेच्या जागी अॅल्युमिनियम आलेलं असतं. घरातली माणसं सांगत नाहीत ते ह्या रिकाम्या जागा सांगतात. घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका घरात मी अशी एक जागा पाहिली, ती आजही अंगावर येते. फळीवर एक क्रोशाचा रुमाल होता, टेपरेकॉर्डरवर घालतात तसा. खाली टेपरेकॉर्डर नव्हता. दोन डबे उभे करून त्यांच्यावर तो रुमाल त्याच आकारात बसवला होता, आणि घरातली बाई बोलता बोलता त्याच्यावरची धूळ झटकत होती.

ती नंदूची आई. मूळची मालवणकडची, माझ्याच जिल्ह्यातली. नंदू एकोणीस वर्षांचा. तो सहा वर्षांचा असताना बाप आखातात कामाला गेला. पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा, त्या काळी तशी पद्धत होती. प्रत्येक कॅसेटची सुरुवात एकच, "आयकतंस मा गो?" म्हणजे ऐकतेस ना गं. सहा वर्षं कॅसेटी आल्या आणि मग विमानाने त्याचं प्रेत आलं. कॅसेटी ट्रंकेत राहिल्या. माय-लेक रोज संध्याकाळी एक लावत. पुढे नंदूने टेपरेकॉर्डर विकून गर्द घेतली. त्याला दीड वर्ष झालं होतं. दीड वर्षात त्या बाईने नवऱ्याचा आवाज ऐकला नव्हता.

नंदू स्वतःच माझ्याकडे आला होता. "दादा, माझी वाट लागलीय यार. टोळीवाले आता म्हणतात शाळेच्या गेटवर उभा राहा. ते मी नाही करणार. मला सोडव." त्यासाठी टर्की काढायची होती. टर्की हा आमच्या पोरांचा शब्द. गर्द बंद केली की शरीर पाच दिवस सूड घेतं. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, उलट्या, जुलाब, आणि पाय आपोआप झाडले जातात. कानाला भलतंच ऐकू येतं. माझ्या टर्कीत नळ माझ्याशी बोलायचा, आणि शहाण्यासारखं बोलायचा.

सरकारी इस्पितळात तेव्हा आमच्या पोरांना कॉट मिळणं कठीण. म्हणून टर्की घरीच काढायची. माझ्या पिशवीत कायम एक लोखंडी कडी, चार स्क्रू आणि एक पेचकस असे. घरातल्या आतल्या खोलीला बाहेरून कडी बसवायची, आत पाणी, बादली, चादरी ठेवायच्या, आणि बाहेर कुणीतरी बसून राहायचं. आज हे कुणी करू नये. डॉक्टरच्या नजरेखाली करायची गोष्ट आहे ती, आणि माणसाला कोंडून कुणी सुधारत नाही हे मला आता समजतं. तेव्हा मला ह्या कडीचा अभिमान होता.

कडी लावायच्या आधी नंदू म्हणाला, "दादा, मी काय पण बोललो तरी उघडू नको. आई, तू पण."

मे महिना होता. भुतंखेतं रात्री येतात म्हणतात, पण माझ्या धंद्यात जे काही झालं ते भर दुपारी झालं. डोंगरावर सगळी घरं पत्र्याची, त्यामुळे दुपारी माणसं दारं लोटून गप्प पडलेली असत. दुसऱ्या दिवशी त्या शांततेत खालून शीळ ऐकू आली. तीन सूर, शेवटचा लांबवलेला. टोळीची खूण होती ती, पुडी आली आहे. आतल्या खोलीतलं कण्हणं थांबलं. मी आणि नंदूची आई दाराबाहेर जमिनीवर बसलो होतो. मग दाराच्या पलीकडून, अगदी फळीला तोंड लावल्यासारखा, एका पोक्त पुरुषाचा आवाज आला.

"आयकतंस मा गो?"

नंदूचा आवाज मला ठाऊक होता, कोवळा आणि किनरा. हा आवाज छातीतून येत होता, त्याला खोकल्याची घरघर होती. बाईंनी पदर तोंडात धरला. "तेंचो आवाज," त्या कुजबुजल्या. "भाऊ, तेंचो आवाज ह्यो."

इथे मी माझी चूक केली. कोकणातल्या आयांना समजवायची माझी एक युक्ती होती आणि ती तोवर फसली नव्हती. पोरगा आतून "आई, मी मरतो" म्हणून रडायला लागला की आईचं काळीज तुटतं आणि ती दार उघडते. तेव्हा मी सांगायचो, तो बोलत नाहीये, गर्द बोलतेय. अंगात येतं ना माणसाच्या, तसंच हे आहे, त्याचं ऐकायचं नाही. आयांना हे चटकन पटायचं. नंदूच्या आईलाही मी तेच सांगितलं. "हा तुमचा नंदू नाहीच. त्याच्या अंगात आलंय ते बोलतंय."

"आंगात इला हा?" त्यांनी विचारलं.

"तसंच समजा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि एकदम शांत झाल्या. मला वाटलं, जिंकलो.

चौथ्या दिवशी कुर्ल्याच्या खोलीवर दुसऱ्या एका पोराची भानगड झाली म्हणून सकाळी मला जावं लागलं. परत डोंगर चढून आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. कडी लोंबत होती. नंदूची आई उंबऱ्याशी बसली होती, स्वच्छ लुगडं, केसांना तेल, कपाळाला अंगारा. समोर चहाचा रिकामा कप बशीत पालथा घातलेला.

"दार कुणी उघडलं?" मी ओरडलो.

"ओरडू नकात भाऊ, नंदू भितर निजलो हा," त्या म्हणाल्या. "ते इले होते. चाय प्याले नि गेले. तेंचो शर्ट ठेवलंलंय धुवून, तो घालून गेले."

त्या वेड्या झाल्या नव्हत्या. घरात पाहुणा येऊन गेल्यावर बायका ज्या समाधानाने सांगतात, तितक्याच सरळपणे सांगत होत्या. मी आत पाहिलं. चादरीचा एक ढीग पडला होता, माणसाएवढा. मी तो पायाने लोटला. खाली फक्त उशी होती.

बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं म्हणून सांगतो. टर्कीपेक्षा टर्कीनंतरचा दिवस जास्त धोक्याचा. चार दिवसांत शरीर स्वच्छ होतं, पण डोक्याला जुनंच माप लक्षात असतं. पोरगा पहिल्याइतकीच ओढतो आणि त्याचा श्वास बंद पडतो. आमची बरीच पोरं अशी गेली आहेत, सुटल्यावर गेली आहेत.

मी डोंगर धावत उतरलो. खाली पाण्याची मोठी पाइपलाइन जाते, तिच्या आडोशाला त्यांची बसायची जागा. आठ-नऊ जण होते. पाइपातून पाणी वाहत होतं, त्याची घरघर कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही, पण त्या दिवशी येत होती. "नंदू कुठाय?" एकाने फक्त बुबुळं वळवली आणि मी तिकडे पाहिलं. बापाचा आखाती शर्ट घातलेला नंदू पाइपाला टेकून बसला होता. शर्ट त्याला दोन मापं मोठा होता. ओठ जांभळे. तो घोरत होता, आणि दोन घोरण्यांच्या मध्ये मला दहा आकडे मोजता आले. ते घोरणं झोपेचं नसतं.

मी त्याला आडवा करून तोंडाने श्वास दिला, थोबाडीत मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. त्यातलाच एक गर्दुल्ला, कोण होता मला आजही माहीत नाही, धडपडत उठून रिक्षा घेऊन आला. इस्पितळात डॉक्टरांनी सुई टोचली आणि नंदू उठून बसला, माझ्यावरच चिडून, की का उठवलंस. मी जिन्यात जाऊन रडलो.

दोन दिवसांनी त्याला विचारलं, "बापाचा आवाज काढून आईला फसवलंस?"

"कॅसेटी पाठ आहेत दादा मला," तो खाली बघत म्हणाला. "पहिलं वाक्य मीच बोललो. शीळ ऐकली ना, राहावलं नाही. पण पुढचं मी नाही बोललो. खरंच सांगतो. पुढचं मला ऐकू येत होतं."

मी ते मनावर घेतलं नाही. टर्कीत कान वाजतात, हे मीच दहा ठिकाणी सांगत फिरायचो. घरी जाऊन त्याच्या आईला मात्र झापलं. सांगितलं, तो तुमचा मुलगाच होता, कॅसेटमधलं बोलत होता, तुम्ही दार उघडून त्याला मरायला पाठवलंत. आज हे लिहिताना लाज वाटते.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमीच सांगलास मा भाऊ, आंगात इला हा म्हणान."

"म्हणूनच तर ऐकायचं नव्हतं!"

"असा कसा? आंगात इला तर इचारूक व्हया. कोण तू, काय व्हया तुका. आणि मागता ता देवक व्हया. परक्याक देतत, मग घरचोच माणूस इलो तर तेका दार बंद ठेवतलंय? चाय नको इचारूक?"

आमच्या गावातही हेच. अंगात येतं त्याला विचारतात, मागेल ते देतात, आणि मगच ते जातं. मी मुंबईत वाढलेला, मला त्यातलं अर्धंच आठवत होतं आणि तेवढंच मी वापरत होतो. त्या बाईने माझं म्हणणं शब्दाशब्दाने पाळलं होतं. नंदूच्या हाकेला तिने शेवटपर्यंत ओ दिली नव्हती. तिने नवऱ्याला दार उघडलं होतं. पोरगा मेला असता तर तो माझ्या "अंगात आलंय" ह्या शब्दांनी मेला असता. त्यानंतर ती युक्ती मी कुठल्याही घरात वापरली नाही.

नंदू महिन्याभरात पुन्हा पन्नीवर गेला. टोळीवाल्यांनी त्याला शाळेच्या गेटवर उभाही केला. एका शनिवारी तो माझ्या खोलीवर आला आणि दारातच खाली बसला. "आज सातवीतल्या एकाला पुडी द्यायची होती. माझा हात पुढे गेला होता दादा. शेवटचं एकदा कर. ह्या वेळी नाही झालं तर मला परत उठवू नको." तो धमकी देत नव्हता. त्याने ठरवून टाकलं होतं, आणि ते मला चेहऱ्यावर दिसत होतं.

ह्या वेळी मी एका डॉक्टरांना रोज सकाळी घरी यायला राजी केलं. कॉट तेव्हाही मिळाली नाही, म्हणून खोली तीच आणि कडीही तीच, नंदूच्याच आग्रहाने. मी नोकरीवरून पाच दिवसांची रजा काढली आणि दारापासून हललो नाही. माझी भीती नंदूची नव्हती. त्याच्या आईला पुन्हा तो आवाज ऐकू आला तर त्या काय करतील, ह्याचीच होती. दोन दिवस त्या भाताची पेज करून आत सरकवत होत्या आणि माझ्याशी एक शब्द बोलत नव्हत्या.

तिसऱ्या दुपारी खालून शीळ आली. तीन सूर. कण्हणं थांबलं. मी उठून कडीवर हात ठेवला.

"आयकतंस मा गो?"

तोच आवाज, तीच घरघर. नंदूने मला कारण सांगितलं होतं, मला सगळं माहीत होतं, तरी मी कडी आणखी घट्ट धरली.

"तुमी बसा भाऊ," नंदूची आई म्हणाल्या. त्यांनी माझा हात कडीवरून काढला. पण त्यांनी कडीला हात लावला नाही. त्या दाराला पाठ लावून खाली बसल्या, नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसावं तशा.

"आयकतंय," त्या म्हणाल्या.

"दार उघड."

"उघडूचंय नाय."

"घसो सुकलो गो."

"पाणी भितर आसा, कळशेत. ता पिया." मग त्या बोलत राहिल्या, रागावून नाही, जेवण वाढताना बोलावं तशा. "तुमचो टेप गेलो. तुमची सगळी बोलणी ट्रंकेत पडली हत, माका आयकूक गावनत नाय. तुमच्या भाचयेचा लगीन झाला, मी एकटीच गेलंय. दर कॅसेटीत येतंय येतंय म्हणालास, नि इलास ता पेटयेतून इलास. माका तोंड पण धड बघूक दिल्यानी नाय." इथे त्यांचा आवाज फुटला आणि मीही मान खाली घातली. खालून पुन्हा शीळ आली, आणि आतून धक्का बसून कडी हलली. पूर्ण दार हललं, त्यांची पाठ त्याच्यासकट हलली. त्यांनी पाय समोर रोवले.

"आता इलास तर कामाचे इलास," त्या म्हणाल्या. "नंदूचे बापूस असाल तर भायर येव नकात. झिलाच्या वांगडा, नंदूच्या सोबतीक, भितर बसा. मी तेरा वर्सां तेच्या वांगडा एकटी बसलंय. तुमका दोन दिस जड नाय."

दार हलायचं थांबलं. खालची शीळ आणखी दोनदा आली आणि मग कंटाळून बंद झाली. त्यानंतर पलीकडून, फळीच्या अगदी खालून, कुणीतरी जमिनीवर बसल्यावर येईल तिथून, आवाज आला.

"बरां."

तो नंदू होता, असं मी डॉक्टरांना सांगितलं. संस्थेच्या कागदांतही तसंच लिहिलं. नंदूला विचारलं तेव्हा तो म्हणाला की त्या दुपारी तो खिडकीकडच्या कोपऱ्यात होता, दाराकडे गेलाच नव्हता. टर्कीत माणसाला आपण कुठे आहोत हे कळत नाही. मी ते तिथेच सोडून दिलं. नंदूने त्यानंतर पन्नी हातात धरली नाही. टोळीने दोनदा मारलं, एकदा दात पाडला, पण तो गेटवर उभा राहिला नाही. पुढे माझ्याच खोलीत माझ्या शेजारच्या बाकावर बसून तो पोरांशी बोलायला लागला आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलायचा.

त्या दुसऱ्या खेपेच्या पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नाडी बघून होकार दिला आणि गेले. मी कडी काढायला उठणार तोच नंदूच्या आईने ती काढली. नंदू दारात उभा राहिला. निम्मा झाला होता, डोळे खोल गेले होते, पण ते त्याचेच डोळे होते. मला वाटलं त्या आता पोराला मिठी मारतील. त्यांनी त्याच्या खांद्यावरून आत, रिकाम्या खोलीत पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"पावलास," त्या म्हणाल्या. "जावा आता."

आणि नंदूचा हात धरून त्यांनी त्याला दारातून बाजूला ओढलं, वाट मोकळी करून दिली. मी उंबऱ्यापाशीच पाय पसरून बसलो होतो. मीही पाय जवळ ओढून घेतले.